पाडलेल्या जागेला मोकळी म्हणायचं की नाही?

माझा भाचा लालबागला राहतो. परवा त्याचा फोन आला तोच तणतणत. "आत्या, चाळीमागची पडकी इमारत गेली एकदाची. आता म्हातारे म्हणतात बसायला कट्टे करा, पोरं म्हणतात क्रिकेट, आणि गाडीवाले म्हणतात पार्किंग. ग्रुपवर नुसती जुंपलीये. तुमच्याकडे असलं काही नसेल ना?"

म्हटलं, अरे, आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. आणि तीसेक वर्षं पार्किंगच जिंकत होतं.

मी राहते त्या, अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या ऐन मध्यावर, जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर, पायोनियर कोर्टहाउस स्क्वेअर नावाचा चौक आहे. दोनशे फूट लांब, दोनशे फूट रुंद, एकरभरसुद्धा नाही. तिथे आधी शाळा होती, मग १८९० पासून पोर्टलंड हॉटेल. १९५१ मध्ये हॉटेल पाडून शेजारच्या मोठ्या दुकानाने, मायर अँड फ्रँकने, तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायची सोय केली. १९६९ मध्ये त्यांना त्यावर बहुमजली गॅरेज चढवायचं होतं. शहराच्या नियोजन मंडळाने नाही म्हटलं, आणि १९७२ च्या डाउनटाउन आराखड्यात तिथे चौक आला.

आराखड्यात आला म्हणजे झाला, असं आपल्याला वाटतं. आपल्याला तरी का वाटावं म्हणा! १९८० मध्ये स्पर्धा झाली, १६२ आराखडे आले, विलार्ड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निवडला गेला. तेवढ्यात महापौर बदलले. नवे महापौर फ्रँक आयव्हन्सी आणि बाजारपेठेतली वजनदार मंडळी म्हणू लागली, उघडा चौक नको, काचेचं बंदिस्त दालन करा. नाहीतर रिकामटेकडे आणि भटके येऊन बसतील. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. मुंबईत आमच्या वॉर्डातल्या कुठल्याही बैठकीत हेच वाक्य ऐकायला मिळेल, फक्त भटक्यांच्या जागी 'फेरीवाले आणि गर्दुल्ले' घाला.

चौक वाचला तो विटांनी. मार्टिनच्या बाजूच्या लोकांनी विटा विकायला काढल्या. पंधरा डॉलर द्या, तुमचं नाव कोरलेली वीट चौकात बसेल. हजारो लोकांनी पैसे भरले तेव्हा चौक नव्हताच, होता तो कागदावर. पण ज्याच्या नावाची वीट विकली त्याला 'योजना रद्द' असं सांगायची हिंमत कुठल्या राजकारण्याला होणार? ६ एप्रिल १९८४ ला चौक खुला झाला. आजही लोक वाकून नावं वाचत फिरतात. मीही वाचते, अजून एकही मराठी आडनाव सापडलेलं नाही. जुन्या हॉटेलचं लोखंडी प्रवेशद्वार मात्र तिथे जपून ठेवलंय, ते मला विटांपेक्षा जास्त आवडतं.

इथे राहणाऱ्यांनी 'आमच्याकडे बघा' सुरू केलं की मला कंटाळा येतो, म्हणून हेही सांगते. ऑक्टोबरपासून मे उजाडेपर्यंत इथे पावसाची रिपरिप असते, आणि नोव्हेंबरात त्या ओल्या पायऱ्यांकडे बघताना आयव्हन्सीसाहेब अगदीच चुकीचं बोलत नव्हते असं वाटतं. चौकाखालच्या खोल्या गळायला लागल्या, तेव्हा दुरुस्तीला लाखो डॉलर लागले, ते नागरिकांनी मतदान करून मंजूर केलेल्या उद्यान-कर्जरोख्यांतून आले. २०२० नंतर आसपासची ऑफिसं ओस पडली, तेव्हा भर दुपारी तिथे दहा माणसं दिसली तरी खूप. याउलट लालबागच्या नाक्यावर पहाटे चारलाही गर्दी सापडते. मोकळी जागा वापरायची कशी हे आम्हा मुंबईकरांना कुणी शिकवायला नको. आमच्यापाशी नसते ती जागा.

आणि ती का नसते, हे गिरणगावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ८२ च्या संपानंतर परत कधी साच्यापुढे उभे राहिले नाहीत. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानेही सुट्या सुट्या गिरण्या न बघता जमिनीची एकत्र आखणी करा म्हणून सांगितलं. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून 'मोकळ्या' असलेल्या जमिनीची. शेड उभी असेल ती जमीन मोकळी नाही, आणि शेड पाडल्यावर दिसणारी जमीनही मोकळी नाही! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो मान्य केला. एका शब्दाच्या अर्थात पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याची एकरोगणती जमीन गेली.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, ऑफिसं आली, आणि तिथे कामाला येणारी कितीतरी माणसं त्या एका चिंचोळ्या जिन्यावर. दोष फक्त त्या व्याख्येचा होता असं मी म्हणणार नाही. पण स्टेशनाबाहेर श्वास घ्यायला एकरभर चौक असता तर, हा विचार मला पायोनियर स्क्वेअरच्या पायऱ्यांवर बसून कॉफी पिताना हटकून येतो, आणि कॉफी कडू लागते.

पोर्टलंडचे लोक आपल्यापेक्षा शहाणे होते असं नाही. दुकानाच्या मालकीची ती जमीन महापालिकेने पैसे मोजून घेतली, तिच्या कागदावर शहराचं नाव चढलं, म्हणून पुढच्या महापौराला नुसती कुरकुर करता आली. जमीन दुकानाचीच राहिली असती तर कितीही विटा विकून उपयोग नव्हता.

भाच्याला म्हटलं, भांडण नंतर करा. आधी प्रॉपर्टी कार्ड काढा, जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा. विकास आराखड्यात मैदान-बागेसाठी काही आरक्षण आहे का तेही बघा. असलं तर पार्किंगवाल्यांच्या तोंडावर तो कागद ठेवता येईल.

तो थोडा वेळ गप्प होता.

"आत्या," तो म्हणाला, "पार्किंगवाल्यांत मीपण आहे गं. मार्चमध्ये गाडी घेतली ना."