जुनं शहर पाडलं की सुधारतं?

समाजमाध्यमांवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचा आशय असा : शहराच्या मध्यभागातल्या ऐतिहासिक वस्त्यांचं आयुष्य संपलं आहे. इमारती धोकादायक, दुरुस्ती न परवडणारी, गल्ल्या अरुंद. तेव्हा दर्शनी भिंती तेवढ्या ठेवा, बाकी पाडा, भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवून भाडी मोकळी करा. पर्यटक येतील आणि सगळा भाग आपोआप सुधारेल. हे वाचून अनेकांना पटतं, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

“इमारती जुन्या, म्हणून धोकादायक.” इमारत निव्वळ वयाने पडत नाही, बहुतेक वेळा ती पडते पाण्याने. फुटलेली पन्हळ, तुंबलेलं गटार, गळकं छप्पर यांतून पाणी भिंतीत मुरतं आणि तुळईचं टोक भिंतीत जिथे बसलेलं असतं, नेमकं तिथेच लाकूड कुजतं. त्यात चुन्यात बांधलेल्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. म्हणजे पुष्कळदा चुकीची दुरुस्तीच इमारतीच्या मुळावर येते. काही इमारती खरोखर वाचवण्यापलीकडे असतात; त्या रिकाम्या करून उतरवल्याच पाहिजेत, माणसाच्या जिवापेक्षा नक्षीदार खांब मोठा नाही. पण कोणती भिंत, कोणती तुळई, हे तपासून सांगा. अख्ख्या वस्तीवर एकच शिक्का मारू नका.

“दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा महाग.” हा हिशेब मांडताना पाडकाम, राडारोडा, रहिवाशांची तात्पुरती सोय आणि नवं सिमेंट-पोलाद यांचा पर्यावरणावरचा भार बहुधा धरलेलाच नसतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांच्या आसपास आहे. इटलीतल्या बोलोन्या शहराने १९७३ मध्ये वेगळी वाट धरली. सार्वजनिक घरबांधणीचा पैसा शहराबाहेर नव्या वसाहतींवरच न घालता जुन्या भागातली कष्टकऱ्यांची घरं दुरुस्त करायला वापरला. घरमालकांना मदत दिली ती भाडं आवाक्यात ठेवण्याच्या अटीवर.

ही अट फार महत्त्वाची, कारण मजकुरातला पुढचा दावा आहे : “भाडी मोकळी करा, मालक स्वतःच दुरुस्ती करतील.” यात अर्धं सत्य आहे. वर्षानुवर्षं गोठलेल्या भाड्यात छप्परही शाकारून होत नाही, ही मालकांची तक्रार खरी आहे. पण मलेशियातल्या जॉर्ज टाउनमध्ये २००० साली भाडेनियंत्रण उठलं, भाडी वाढली आणि जुन्या भागातली अनेक कुटुंबं नि छोटे व्यवसाय बाहेर गेले. २००८ मध्ये शहराला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, तोवर ज्यांच्यामुळे त्या गल्ल्यांना रूप आलं होतं त्यातले कितीतरी जण तिथे उरलेच नव्हते. मालकाला दुरुस्तीचा पैसा आणि भाडेकरूला राहण्याची हमी, दोन्ही एकाच करारात हवीत.

“पर्यटक आले की भाग सुधारतो.” व्हेनिसकडे पाहा. १९५१ मध्ये तिथल्या ऐतिहासिक भागात सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती ५० हजारांच्याही खाली आली. इमारती उभ्या आहेत, गर्दी तर इतकी की २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. याला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही. जुन्या भागाच्या कुठल्याही योजनेला माझा पहिला प्रश्न एकच : आज राहणाऱ्यांपैकी किती जण दहा वर्षांनी तिथेच असतील?

राहिला अरुंद गल्ल्यांचा मुद्दा. आगीची भीती खरी आहे, पण तिच्यावर लहान बंब, गल्लीतली पाण्याची जोडणी आणि जुन्या वीजतारा बदलणं हेही उपाय आहेत. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या जुन्या भागात असाच मधला मार्ग दाखवला होता : सरसकट पाडापाडी नको, अगदी वाईट तेवढी घरं काढा, हवा-उजेड आत येऊ द्या, बाकीची दुरुस्त करा. पुढे मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू करणारे गेडिस ते हेच. “जतनवाल्यांना तिथे राहावं लागत नाही,” असा टोमणाही त्या मजकुरात आहे. गेडिस आणि त्यांच्या पत्नी ॲना त्या मोडकळीला आलेल्या वस्तीत स्वतः राहायला गेले होते.