रिस्टार्ट करून बघितलं का?

गेल्या महिन्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता झोपेतही मॉडेमचं बटण शोधतो.

झालं असं, घरचं नेट दिवसातून पाच-सहा वेळा जायचं आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत यायचं. कस्टमर केअरला फोन केला की ठरलेलं उत्तर, "सर आमच्याकडून सिग्नल ओके दिसतोय, एकदा रिस्टार्ट करा." करायचो, चालायचं, तासाभराने पुन्हा तेच. माझं तर मत झालंय की या रिस्टार्टनेच सगळा घोळ घातला, कारण नेट चालू झालं की आपण कारण शोधायचं सोडून देतो आणि त्यांचाही फोन सुटतो.

मग एकाने फोनवर सांगितलं, मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा. दाबलं. अहो तो रिसेट होता! रिस्टार्ट म्हणजे नुसतं बंद-चालू, रिसेट म्हणजे आतलं सगळं पुसून मॉडेम कोरा करकरीत. वायफायचं नाव-पासवर्ड गेलं ते गेलंच, पण पीपीपीओईचा, म्हणजे मॉडेम कंपनीच्या नेटला ज्याने लॉगिन करतो तो युजरनेम-पासवर्डपण उडाला, जो मला कधी दिलाच नव्हता. दीड दिवस नेट बंद. त्यांचा माणूस येऊन टाकून गेला, मी मागितला तर म्हणे "कस्टमरला देत नाही". कनेक्शन माझ्या नावावर आणि किल्ली यांच्या खिशात, वा!

शेवटी वैतागून स्वतःच बसलो. आधी लॅपटॉप केबलने थेट मॉडेमला जोडला. एवढं तरी प्रत्येकाने कराच, अर्धी भांडणं इथेच मिटतात. केबलवर नीट आणि मोबाइलवर रडतंय तर दोष लाइनचा नाही, वायफायचा आहे, म्हणजे एकतर मॉडेम टीव्हीमागे कोंबलेला असतो नाहीतर वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ या पट्ट्यावर आजूबाजूच्या सगळ्यांची गर्दी असते. जवळ असाल तर ५ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावर या, पण दोन भिंती आड आल्या की तोही मान टाकतो. माझं केबलवरही जात होतं, म्हणजे वायफाय निर्दोष सुटलं.

मग दिवे बघितले. फायबरच्या मॉडेमवर एलओएस असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकतोय म्हणजे वायरीतून प्रकाशच पोचत नाहीये, कुठेतरी तुटलीय किंवा जास्त वाकलीय किंवा कनेक्टर नीट बसला नाहीये, तिथे हजारदा रिस्टार्ट केलंत तरी काही उपयोग नाही. (आणि कनेक्टर काढून आत डोकावू नका, तो लेझर डोळ्यांना दिसत नाही.) माझा एलओएस एकदाही लाल झाला नव्हता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून मॉडेमच्या पानावर गेलो, तुमचा पत्ता मॉडेमखालच्या स्टिकरवर असतो. तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे मॉडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, उणे २१ डीबीएम. साधारण उणे ८ ते उणे २७ मध्ये असलं की चालतं. म्हणजे कस्टमर केअरवाले खरं बोलत होते, राग आला पण काय करणार.

आणि त्याच पानावर खाली एक ओळ, अपटाइम, म्हणजे मॉडेम चालू होऊन झालेला वेळ, २३ मिनिटं.

सकाळपासून मॉडेमला कोणी हात लावला नव्हता! म्हणजे लाइन जातच नव्हती, मॉडेमच स्वतःहून बंद पडून परत चालू होत होता आणि ती दोन-तीन मिनिटं म्हणजे त्याला उठून बसायला लागणारा वेळ. अ‍ॅडॉप्टरला हात लावला तर चटका बसला. त्यावर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं, जुन्या राउटरचा तसाच, तीच पिन असलेला पडून होता, तो लावला. (व्होल्ट वेगळे असतील तर अजिबात लावू नका, अँपिअर जास्त असले तर चालतं.) आज नववा दिवस, अपटाइमपण नऊ दिवस.

आता मला सांगा, मॉडेम लांबून तपासायची सोय बहुतेक कंपन्यांकडे असते, मग "तुमचा मॉडेम मधेच बंद पडतोय, अ‍ॅडॉप्टर बदलून देतो" हे पहिल्या फोनलाच सांगायला काय हरकत होती? अ‍ॅडॉप्टरपण त्यांचाच दिलेला. इथे ग्राहकाने अपटाइम वाचायचा, ग्राहकानेच अ‍ॅडॉप्टर शोधायचा.

काल मेसेज आला, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. खाली कारण लिहिलंय, ग्राहकाने मॉडेम रिस्टार्ट केला.