रात्रीत सहा इंच

नोव्हेंबर ते मार्च शिकागोतल्या मराठी माणसाला भारतातून एकच फरमाईश येते: "स्नो पडला का रे? फोटो पाठव की!" फोटो पाठवतो. फोटोत छानच दिसतं सगळं. त्या पांढऱ्या उंचवट्याखाली आपली गाडी आहे आणि तिने आठपर्यंत कामावर पोचायचंय, एवढं मात्र फोटोत येत नाही.

बर्फात गाडी चालवायची भीती सगळ्यांना असते. माझं मत विचाराल तर चालवणं त्यातल्या त्यात सोपं. खरी हमाली गाडी हलण्याआधीची.

पहिलं काम एक्झॉस्टचा पाइप मोकळा करणं. तो बर्फाने बुजलेला असताना इंजिन चालू केलं, तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो, आणि त्याला वासही नसतो. मग इंजिन चालू करून डिफ्रॉस्ट, म्हणजे काचेवर गरम हवा सोडणारा झोत, लावायचा, सोबत एसीचं बटण दाबायचं. कडाक्याच्या थंडीत एसी म्हटल्यावर पाहुण्यांचे डोळे विस्फारतात, पण हवेतलं बाष्प शोषून काचेवरचं धुकं घालवतो तो एसीच. आतलीच हवा फिरवण्याचं बटण मात्र बंद हवं, नाहीतर आपलाच श्वास काचेवर जाऊन बसतो.

त्यानंतर ब्रश घेऊन आधी टप झाडायचा, काचा नंतर. घाईत टप सोडून देणारे असतात. पहिल्याच सिग्नलला ब्रेक लावला की वरचा अख्खा थर घसरून पुढच्या काचेवर येतो आणि मालकाला आपल्याच गाडीत बसून काही दिसत नाही.

काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतायचा मोह आपल्या रक्तातच आहे. घसा, कंबर, अपचन, सगळ्यावर गरम पाणी चालतं. काचेवर नाही. तापमानाच्या एकदम फरकाने ती तडकते. नाही तडकली तर तेच पाणी दोन मिनिटांत पुन्हा गोठतं आणि काम दुप्पट होतं. त्याऐवजी औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग, असं स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवा. फवारून मिनिटभर थांबलं की काच खरवडायचा स्क्रेपर सुळकन फिरतो. वायपर रात्रीच उभे करून ठेवायचे. काचेला चिकटलेला वायपर चालू केला तर रबर फाटतं किंवा फ्यूज उडतो. काच धुण्याचं पाणीही हिवाळ्याचंच हवं, उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं. उन्हाळ्यातलं उरलेलं संपवू म्हणणाऱ्या काटकसरी माणसाच्या गाडीत पाइपसकट ते गोठून बसतं.

गाडी तयार झाली की ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेच्या, तोंडाशी महापालिकेचा किंवा गावाचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक, भेटून गेलेला असतो. शिकागोने २०२३ पासून लोकांकडून प्लाऊंची बारशी करून घेतली आहेत, एकाचं नाव चक्क 'होली प्लाऊ'. नाव काहीही असो, तो रस्ता साफ करतो आणि तो सगळा ऐवज आपल्या दाराशी रचून जातो, ओला, घट्ट आणि भुसभुशीत बर्फापेक्षा कितीतरी जड. यावर उपाय आहे. रस्त्याकडे तोंड करून उभं राहा. प्लाऊ डावीकडून येणार. म्हणून ड्राइव्हवेच्या डाव्या बाजूला, रस्त्याकडेला लागून सात-आठ फुटांची जागा आधीच मोकळी करायची आणि आपला बर्फ सगळा उजवीकडे टाकायचा. प्लाऊच्या पात्यावरचा बराचसा माल त्या मोकळ्या जागेत उतरतो आणि आपल्या तोंडाशी येईतो पातं हलकं झालेलं असतं. दाराशी आलेला बर्फ पुन्हा रस्त्यात ढकलून द्यायला मात्र मनाई आहे.

खुद्द शहरात, गॅरेज नसलेल्यांची तऱ्हाच वेगळी. रस्त्याकडेची जागा फावड्याने मोकळी करायची आणि गाडी काढून जाताना तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काहीतरी ठेवून जायचं. याला 'डिब्ज' म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कायद्यात याला आधार नाही, पण ती खुर्ची बाजूला करून गाडी लावायची छाती सहसा कुणाला होत नाही. शिवाय १ डिसेंबर ते १ एप्रिल काही मुख्य रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ पार्किंग बंद असतं, बर्फ पडो न पडो. या शहरात बर्फाची चेष्टा कुणी करत नाही. १९७९ च्या हिमवादळानंतर रस्ते वेळेत साफ झाले नाहीत म्हणून मेयर बिलँडिक यांना पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी घरी बसवलं.

आता चालवणं. पुण्यात कमावलेलं कसब इथे घरी ठेवून निघायचं. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर हवं. पुण्यात एवढ्या जागेत चार रिक्षा मावतात. इथेही कुणीतरी शिरतोच, आपण पुन्हा मागे राहायचं. ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत रुबाबदार एसयूव्ही दिसतात त्या याच गैरसमजाने. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरायचा. पायाखाली थरथर होते, ती बिघाडाची नाही. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो. मागची चाकं घसरली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, जिकडे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग हळू वळवायचं. खांबाकडे बघितलंत तर खांबाकडेच जाल. आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठावर फार विसंबू नका. पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला की साधं मीठ खाल्ल्या मिठाला जागत नाही.

साधे टायर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागतात, म्हणून बाजूला तीन शिखरं आणि हिमकण कोरलेले टायर घ्या, आणि चारही घ्या. दोनच बदलले की गाडीचं पुढचं आणि मागचं धड वेगवेगळं वागतं. दर १० फॅरनहाइटला हवा सुमारे एक पीएसआय उतरते, तेव्हा ती तपासत राहायची.

रुतलात तर चाकं गरागरा फिरवू नका, खाली आरसाच तयार होतो. फावड्याने चाकापुढचा बर्फ काढायचा आणि चाकाखाली वाळू किंवा मांजराच्या शौचाची माती पसरायची. ती गोळा न होणारी घ्या. गोळा होणारीचा चिखल होतो. दुकानात काउंटरवरची बाई मांजराचं नाव विचारते, त्याची तयारी ठेवा.

एखाद्या दिवशी पारा चाळीस फॅरनहाइटच्या वर जातो आणि अख्खं उपनगर कार-वॉशच्या रांगेत उभं राहतं. खालून धुऊन घ्याच, मिठाने पत्रा गंजतो. बाहेर पडल्यावर दारांची रबरं कोरड्या फडक्याने पुसा. नाही पुसलीत तर रात्री पारा उतरतो, चारही दारं चिकटतात आणि सकाळी ऑफिसच्या कपड्यांत डिकीतून आत शिरावं लागतं.