आयोग नेमला म्हणजे गुन्ह्याचा तपास झाला असं नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'खून-दंगलीसारखा गंभीर गुन्हा असेल तर पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवू नका. कलेक्टर कचेरीत निवेदन द्या, चौकशी आयोग मागा. आयोग दोषींना थेट शिक्षा देतो आणि त्याच्यासमोरची कबुली पक्की धरली जाते.' पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असेल. पण यावर विसंबून कुणी तक्रार लांबवली, तर फावेल ते आरोपीचंच.

पोलीस ठाणं टाळून चालतच नाही. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याचा तपास एफआयआरपासून सुरू होतो. 'ही आमची हद्द नाही' म्हणून राजारामपुरीतून शाहूपुरीला पिटाळणं कायद्यात बसत नाही. हद्द कुठलीही असो, नोंद घ्यावीच लागते. नाहीच घेतली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे सगळं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेऊनच ठाण्यातून निघा. निवेदनाच्या उत्तराची वाट बघत बसलात, तर तोवर दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलेलं असतं.

निवेदन दिलं की आयोग मिळतो, हेही खोटं. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार सार्वजनिक महत्त्वाच्या ठरावीक बाबीसाठी सरकार आयोग नेमतं. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या सभागृहानं तसा ठराव केला तर मात्र नेमावाच लागतो.

शिक्षेचं म्हणाल, तर आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत: साक्षीदार बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं. शिक्षा त्यात नाही. आयोगाचं म्हणणं ही शिफारस असते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्येच, दालमिया प्रकरणात सांगून ठेवलंय. मुंबई दंगलीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचं काय झालं ते आठवा. १९९३ मध्ये नेमला, १९९६ मध्ये सरकारनं मध्येच गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा सुरू केला, १९९८ मध्ये अहवाल आला आणि त्याचे मुख्य निष्कर्ष सरकारनं नाकारले. इतक्या कष्टानं नोंदवलेल्या साक्षींचं असं होऊ शकतं, याची मला आजही चीड येते.

कबुलीचा मुद्दा सर्वांत घातक, कारण कायदा नेमका उलटं सांगतो. चौकशी आयोग कायद्याच्या कलम ६ प्रमाणे आयोगासमोर साक्ष देताना केलेलं विधान त्याच माणसाविरुद्ध दिवाणी वा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. म्हणजे तिथं कुणी 'मीच मारलं' म्हणाला, तरी ते वाक्य खुनाच्या खटल्यात कामाला येणार नाही. पुरावा पोलिसांनी स्वतंत्रपणेच गोळा करायचा.

आपल्याच शहरातलं बघा. १६ फेब्रुवारी २०१५ ला कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. तपास आधी विशेष तपास पथकाकडे होता, २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तो एटीएसकडे, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाकडे दिला. तपास रखडतोय म्हणून कुटुंबानं कोर्टाचं दार ठोठावलं, कोर्टानं वर्षानुवर्षं देखरेख ठेवली. तपास यंत्रणा बदलून घेण्याचा रस्ता हा असा असतो. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, त्यामुळे त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

आयोग निरुपयोगी आहेत असं माझं म्हणणं नाही. दंगलीत पोलीस कुठं कमी पडले, आदेश कुणी दिले, हे एका खटल्यात मावत नाही. ते आयोगच उकलू शकतो. तेव्हा आयोग जरूर मागा, पण एफआयआर नोंदवून. अहवाल आला की सहा महिन्यांत तो कृती अहवालासह, म्हणजे सरकारनं त्यावर काय केलं याच्या टिपणासह, सभागृहात ठेवायचं बंधन सरकारवर आहे. तो ठेवला का, हे आपल्या आमदारांना लेखी विचारा.