थाळीवरच्या चिमण्या आणि रानातल्या चिमण्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'दाणे टाकून बोलावलेल्या चिमण्यांचे फोटो म्हणजे निसर्गछायाचित्रण नव्हे, शिवाय पाखरांना आयत्या खाण्याची सवय लागते,' असं तुम्ही लिहिलंत. दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सवयीबद्दल. आमच्याकडे शाळू हुरड्याला आला की थवा शिवारात जातो, अंगणातली थाळी भरलेलीच राहते. दुसरीकडे जास्त चांगलं मिळालं तर चिमण्या आपल्यासाठी थांबत नाहीत. पिल्लांना तर सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवले जातात, ज्वारी-बाजरीवर त्यांचं भागत नाही. त्यामुळे दाण्यांपेक्षा औषध न फवारलेली झुडपं जास्त गरजेची, हे मी आग्रहाने सांगेन. थाळी मात्र वरचेवर घासून वाळवायलाच हवी. ओल्या दाण्याला बुरशी येते आणि विष्ठेतून रोग पसरतात.

आता फोटोंबद्दल. एकाच जागी, एकाच उजेडात, महिनोन्‌महिने तोच पक्षी टिपला की जे दिसतं, ते भटकंतीत क्वचितच दिसतं. नराच्या गळ्यावरचा काळा डाग बघा. पिसं नवी असताना त्यांची टोकं फिकट असतात, त्यामुळे डाग झाकलेला, धुरकट दिसतो. पुढे टोकं झिजतात आणि तोच डाग मोठा, गडद होतो. त्यासाठी नवीन पिसं यावी लागत नाहीत! विणीच्या काळात चोचही काळी होते, एरवी ती फिकट असते. माझे फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर हा बदल सरळ दिसतो. याला मी निरीक्षणच म्हणतो.

रानाचं मोल मी कमी लेखत नाही. पीतकंठी चिमणी, म्हणजे आपली रानचिमणी, माझ्या थाळीवर कधीच आलेली नाही. तिच्यासाठी विरळ झाडीत जावं लागतं, झाडांच्या ढोल्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. गळ्यावरचा पिवळा ठिपका तिने मान वर केली तरच नीट दिसतो, म्हणून खाली बसून थांबायचं. नराच्या खांद्यावरचा तांबूस पट्टा त्यामानाने लवकर दिसतो. याच जातीच्या एका चिमणीमुळे 1908 साली लहानगे सलीम अली मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोचले होते. स्वतः मारलेली ती चिमणी कोणती, हे त्यांना विचारायचं होतं.

तुमच्याशी पूर्ण सहमत आहे ते एका बाबतीत: दाण्यावरचा फोटो रानातला म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे. म्हणून थाळीजवळच्या प्रत्येक फोटोखाली मी तसं लिहितो. घरट्याचे फोटो मी काढत नाही आणि आवाज वाजवून पक्षी बोलावत नाही. तुम्ही रानचिमणीचे फोटो काढले असतील तर जागा सांगू नका, पण ती कोणत्या झाडावर आणि कोणत्या महिन्यात दिसली, ते जरूर कळवा.