‘नास्तिकाच्या घरात मुलगी देऊ नये’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

‘आस्तिक आणि नास्तिक यांच्यातला खरा फरक’ या मथळ्याचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. देव आहे की नाही या वादात तो पडतच नाही, आणि तिथेच त्याची हुशारी आहे. तो म्हणतो, देवाचं राहू द्या, माणूस म्हणूनच हे दोघे वेगळे असतात. नास्तिकाला पापाची भीती नाही, म्हणून त्याला नीती नाही. दान म्हटलं की त्याचा हात खिशात जात नाही. चार बुकं शिकून तो बिघडलेला असतो. तो अहंकारी असतो, संकट आलं की कोसळतो आणि मरताना मात्र देवाचाच धावा करतो. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: अशा घरात मुलगी देऊ नये.

मी देव मानतो. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो, आषाढीला साबुदाणा भिजतो आणि गाडी नवी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. (लिंबाचं समर्थन करणार नाही. ते बायकोचं खातं आहे.) म्हणजे हे उत्तर समोरच्या पार्टीतून आलेलं नाही. पण मेसेज आपल्या बाजूने बोलतोय म्हणून डोळे मिटून पुढे ढकलावा, असंही नाही.

नीतीपासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे मुद्दे त्याच खुंटीला टांगलेले आहेत. ‘देव मानल्याशिवाय माणूस नीतिमान राहू शकत नाही’ ही समजूत एकट्या मेसेजवाल्याची नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहणी करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये ३४ देशांत हाच प्रश्न विचारला. भारतात ७९ टक्के लोक ‘हो, देव मानणं गरजेचं’ म्हणाले, स्वीडनमध्ये ९ टक्के. आता स्वीडनमध्ये काही घरोघरी दरोडे पडत नाहीत. पण तेवढ्यावरून काही सिद्धही होत नाही, श्रीमंत आणि शांत देशांची कारणं वेगळी असतात. तो मुद्दा सोडून देतो.

त्याहून मजेशीर प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ देशांतल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर तो झाला होता आणि त्यात भारतही होता. लोकांना एका माणसाचं वर्णन वाचायला दिलं: लहानपणी मुक्या जनावरांचे हाल करायचा, मोठेपणी बेघर माणसांचे खून केले. मग विचारलं, हा कोण असण्याची शक्यता जास्त? निम्म्या लोकांना पर्याय होते ‘शिक्षक’ किंवा ‘शिक्षक आणि देव मानणारा’. उरलेल्या निम्म्यांना ‘शिक्षक’ किंवा ‘शिक्षक आणि देव न मानणारा’. खरं तर ‘शिक्षक’ हेच उत्तर दोन्हीकडे बरोबर, कारण नुसते शिक्षक हे कुठल्याही खास प्रकारच्या शिक्षकांपेक्षा जास्तच असणार. तरी दुसरा पर्याय निवडण्याची चूक लोकांनी केली, आणि त्यात ‘देव न मानणारा’ असं लिहिलेलं असताना ती जवळपास दुप्पट झाली. गंमत म्हणजे जे स्वतः नास्तिक होते, त्यांनीही हाच कौल दिला! तेव्हा नास्तिकाबद्दलचा संशय खोलवर रुजलेला आहे, हे मान्य. पण संशय ही ज्याच्या मनात येतो त्याच्याबद्दलची माहिती आहे. ज्याच्यावर घेतला जातो, त्याच्याबद्दल ती काही सांगत नाही.

प्रत्यक्ष वागण्याचं काय? अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ लोकांना तीन दिवस, दिवसातून पाच वेळा, फोनवर विचारलं गेलं: गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट केलंत का, तुमच्याशी कुणी केलं का? हा अभ्यास २०१४ चा. धार्मिक आणि धर्म न मानणारे यांच्या चांगल्या-वाईट कृत्यांच्या संख्येत फरक सापडला नाही. एक फरक मात्र होता: चांगलं केल्याचा अभिमान आणि वाईट केल्याची टोचणी धार्मिकांनी जास्त तीव्रतेने सांगितली. पापाची भीती असते, ती आतून कुरतडतेही. पण तिने हात आवरला जातो असं त्या तीन दिवसांत तरी दिसलं नाही.

आता जिथे खरा फरक आहे तिथे येऊ. मेसेजवाल्याला तो दिसलाच नाही. अमेरिका आणि स्वीडनमधल्या लोकांच्या तुलनेवर २०२१ मध्ये एक अभ्यास आला. दुसऱ्याला इजा करू नये, कुणावर अन्याय करू नये, याबाबत नास्तिक आणि आस्तिक साधारण एकाच पातळीवर होते. फरक पडला तो तीन गोष्टींत: आपल्या गटाशी निष्ठा, वडीलधाऱ्यांचा आणि अधिकाराचा मान, आणि पावित्र्य. या तिन्ही गोष्टी नास्तिकांच्या लेखी नीतीच्या खात्यात फारशा येत नव्हत्या.

हे आकडे परदेशातले असले, तरी दृश्य आपल्या ओळखीचं आहे. वडिलांच्या आजारपणात मुलाने रजा काढल्या, हॉस्पिटलचं बिल भरलं, रात्री उशाशी बसून डायपर बदलले. वडील गेले. दहाव्याला भटजींनी बोलावलं तर हा म्हणाला, ‘मी पिंडदान करणार नाही, माझा विश्वास नाही.’ झालं! घाटावर कावळा शिवायच्या आत आत्याने निकाल दिला: याला काही संस्कारच नाहीत. तिकडे दुसरा भाऊ दोन वर्षांत एकदा फोन करून ‘कसे आहात’ विचारणारा, पण दहाव्याला धोतर नेसून पुढे बसला, तो गुणाचा ठरला. आत्या खोटं बोलत नाही. तिच्या हिशेबात विधी, मान आणि सोवळं यांना मार्क आहेत, आणि त्या पेपरात मुलगा खरोखरच नापास झालाय. मला स्वतःला त्याने पिंडाला बसायला हवं होतं असं वाटतं, आईसाठी तरी. पण म्हणून त्याला नीती नाही असं मला म्हणता येणार नाही.

(मेसेजमध्ये मध्येच नास्तिक राज्यकर्त्यांचे नमुने म्हणून रशियाचा स्टॅलिन आणि चीनचा माओ येतात. दोघांच्या राजवटींनी लाखोंचे बळी घेतले आणि धर्मस्थळं बंद पाडली, हे खरंच आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. ज्यांना कोणी जाब विचारू शकत नाही अशांच्या हाती सत्ता गेली की काय होतं, त्याची ही उदाहरणं आहेत. देवाच्या नावाने राज्य करणाऱ्यांच्या इतिहासातही ती भरपूर सापडतील. पुढे जाऊ.)

दानाच्या मुद्द्यावर मेसेजवाल्याला अर्धे मार्क द्यावे लागतील. अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणांत नियमित चर्चला जाणारे लोक जास्त देणगी देतात आणि जास्त वेळही देतात, आणि तेही फक्त चर्चला नव्हे, इतर कामांनाही. नास्तिक मित्रांनी हे मोकळेपणाने मान्य करावं. पण कारण शोधताना रॉबर्ट पुटनाम हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्याला आढळलं की माणूस देवाबद्दल काय मानतो, याने फारसा फरक पडत नाही. चर्चमध्ये त्याचे मित्र किती आहेत, याने पडतो. हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. जो देवळाच्या कट्ट्यावर बसतो त्याच्यापुढे पावतीपुस्तक येतं. आधीच्या पावतीवर शेजारच्या कुलकर्ण्यांचे पाचशे एक दिसतात, मग आपण शंभरावर कसं भागवणार? जो त्या कट्ट्यावर जातच नाही, त्याच्याकडे कोणी मागतही नाही.

मोरोक्कोतल्या माराकेश शहरात दुकानदारांवर झालेला एक प्रयोग याच अंगाने बघण्यासारखा आहे. त्यांना पैसे स्वतः ठेवायचे की दानाला द्यायचे असे पर्याय दिले गेले. अजान कानावर पडत असताना दानाचा पर्याय जास्त निवडला गेला, अजान नसताना कमी. दुकानदार त्याच शहरातले, त्यांची श्रद्धाही तीच. कानावर त्या क्षणी काय पडतंय एवढाच बदल! काकड आरतीनंतर दानपेटी जड का होते, याचं उत्तर यात असावं.

आणि माणूस घाईत असेल तर श्रद्धेचं काही विचारूच नका. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसलेला, मुद्दाम बसवलेला. काहींना सांगितलं होतं की उशीर झालाय, पळा. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. यांतल्या काहींना भाषण द्यायचं होतं ते वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या बायबलमधल्या परोपकारी माणसाच्या गोष्टीवर.

दुसऱ्या बाजूचाही एक लाडका दाखला आहे, तोही इथेच निकालात काढतो. ‘धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात’ असा सहा देशांतल्या मुलांवरचा अभ्यास २०१५ मध्ये गाजला आणि नास्तिक मंडळींनी तो आनंदाने वाटला. नंतर कळलं की आकडेमोडीत देशांना दिलेले क्रमांक हे नावं म्हणून न घेता मोजमाप म्हणून घेतले गेले होते. चूक सुधारल्यावर निष्कर्ष विरघळला आणि २०१९ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. तरीही तो अजून फिरतो.

‘शिकून बिघडतो’ हा आरोप मला सगळ्यांत पोकळ वाटतो. आपल्याकडे खंडेनवमीला लेथ मशीनला हळदकुंकू लागतं, सर्व्हर रूममध्ये झेंडूचं तोरण असतं, आणि इस्रोचे प्रमुख उड्डाणाआधी तिरुपतीला जाऊन येतात. शिक्षणाने नास्तिक होत असते तर आयआयटीच्या वसतिगृहांत गणपती बसला नसता. प्यूच्याच २०१९-२० मधल्या भारतातल्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. देव न मानणारे लक्षणीय संख्येने सापडले ते बौद्धांमध्ये, साधारण एक तृतीयांश, आणि तिथे कारण कॉलेज नाही, धम्माची शिकवण आहे.

मग माणूस नास्तिक का होतो? अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सगळ्यांत वजनदार ठरलेलं कारण चिकित्सक बुद्धी हे नव्हतं. लहानपणी घरातली मोठी माणसं श्रद्धेपायी काही झिजताना दिसली की नाही, हे होतं. पाय सुजलेले असताना वारीला निघालेली आजी ज्याने पाहिली त्याच्यात काहीतरी उतरतं. ज्याने बापाला फक्त पाहुण्यांसमोर घंटा वाजवताना पाहिलं, त्याच्यात नाही. मुलगा नास्तिक झाला म्हणून कॉलेजला शिव्या घालणाऱ्यांनी आपलं देवघर एकदा आठवून बघावं. आणि ‘आम्ही हुशार म्हणून नास्तिक’ म्हणणाऱ्यांनीही कॉलर खाली करावी. बुद्ध्यांक आणि श्रद्धा यांचा उलटा संबंध अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसतो खरा, पण तो इतका सैल आहे की एकेका माणसाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही.

राहिला अहंकार आणि मरणाचा मुद्दा. अहंकाराचा आरोप नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगावर झाला होता: प्रसिद्धी डोक्यात गेली म्हणून तू देव मानत नाहीस. त्याने ऑक्टोबर १९३० मध्ये, फाशीची शिक्षा समोर दिसत असताना, त्याला लेखी उत्तर दिलं. त्यात त्याने एक गोष्ट दिलदारपणे कबूल केली की श्रद्धेने दुःख हलकं होतं, माणसाला देवाचा मोठा आधार मिळू शकतो. आपल्याला तो आधार न घेता जायचंय, एवढंच त्याचं म्हणणं. २३ मार्च १९३१ ला तो गेला, वय २३. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर र. धों. कर्वे घ्या. संततिनियमनाच्या प्रचारापायी कॉलेजातली नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, तरी १९२७ ला सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पक्के नास्तिक.

श्रद्धाळू माणूस संकटात जास्त सावरतो, हे मात्र बऱ्याचदा खरं असतं, आणि माझाही अनुभव तोच आहे. पण २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात चर्चला जाणाऱ्यांच्या जास्त समाधानाचं कारणही तिथल्या मित्रांत सापडलं. चर्चला जाऊनही ज्यांचे तिथे मित्र नव्हते, त्यांचं समाधान इतरांपेक्षा वेगळं नव्हतं. आमच्या सोसायटीत कुणी गेलं की भजनी मंडळाच्या बायका तासाभरात पिठलं-भात घेऊन हजर असतात. नास्तिकांचं असं मंडळ नसतं, आणि ती त्यांची खरी अडचण आहे. त्यावर त्यांनीच काहीतरी करायला हवं.

आता मुलगी. विजयवाड्याचे गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे उघड आणि कडवे नास्तिक. १९४४ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींना भेटले आणि पुढे दोघांचं जमलं. गोरांनी स्वतःच्या मुलीचं लग्न तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलाशी ठरवलं. गांधीजींनी ते सेवाग्रामला लावायचं कबूल केलं, आणि शपथेत देवाऐवजी सत्याचं नाव घ्यायलाही ते तयार झाले. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, आश्रमात ते लग्न लागलं. आमच्या पंचांगवाल्या घरांतून त्या काळी असं लग्न किती जणांनी लावलं असतं?

आणि पुण्यातलं घर बुद्धिवादी समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचं. ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, त्या माणसाच्या घरात यशोदाबाई आपली व्रतवैकल्यं करत होत्या, आणि नवऱ्याने त्यांना अडवलं नाही. मेसेज ज्या घरात मुलगी द्यायला घाबरतो, त्यातलं हे एक घर.

स्थळ बघताना मुलगा देव मानतो का, हे जरूर विचारा. दोघांचं पटायला हवं, घरात गणपती बसणार की नाही हे आधी कळलेलं बरं. फक्त तेवढं विचारून उठू नका. कर्ज किती आहे, पितो किती, आईशी कसा बोलतो आणि हॉटेलातल्या वेटरशी कसा, हेही विचारून घ्या.