निर्यातबंदीची दुसरी बाजू

आयातदार देशांनी धान्य-भाजीपाल्यासाठी एकाच पुरवठादारावर विसंबू नये, असा सल्ला देणारा लेख वाचला; तो सल्ला योग्यच आहे. परंतु पुरवठादार देश ऐनवेळी दार लावून घेतो तेव्हा त्याच्याच शेतकऱ्याचे काय होते, ही बाजू लेखात आलेलीच नाही. आम्ही नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील कांदा उत्पादक. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्यावर निर्यातबंदी लागू केली, तेव्हा बाजार समित्यांत लाल कांद्याची आवक सुरू होती. उन्हाळ (उन्हाळ्यात निघणारा) कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, काही महिने टिकतो, त्यामुळे भावाची वाट पाहता येते. लाल कांद्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो लवकर सडतो किंवा त्याला कोंब फुटतात, म्हणून काढणीनंतर मिळेल त्या भावात विकण्यावाचून गत्यंतर नसते. लिलावात बोली कोसळलेली दिसत असूनही भरलेला ट्रॅक्टर परत नेणे आम्हाला परवडणारे नव्हते.

शिवाय तुटलेला ग्राहक सहजासहजी परत येत नाही. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये घातलेल्या कांदा निर्यातबंदीनंतर ढाक्यात कांद्याचे भाव भडकले आणि बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान येथून माल मागवला. म्हणजे लेखाने सुचवलेले वैविध्य तेथे आपल्याच निर्णयामुळे आले, आणि त्याची किंमत नाशिक जिल्ह्याने मोजली. त्यामुळे निर्यातदार देशांवरही काही बंधन हवे: निर्यात धोरण लागवडीपूर्वी जाहीर करावे, आणि बंदी अटळच असेल तर आधी झालेल्या करारांच्या मालाला तीतून वगळावे.